चवीपुरतं म्हणजे किती?

साळवे काका दारात वाटी घेऊन उभे राहत आणि आधीच बजावत, "छान म्हनायचं न्हाई, ताई. काय कमी हाय तेवढं सांगायचं." मग मी पहिला घास चावून गिळेपर्यंत ते माझ्या तोंडाकडे बघत राहत. कानामागे पेन्सिल, हातात शाळेतल्या पोरांची असते तसली चौकडीची वही. असं कुणी टक लावून बघत असताना जेवणं किती अवघड असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

एक्क्याण्णव-ब्याण्णव साल असेल. बँकेत पहिली नेमणूक संगमनेरला झाली आणि मी पुण्याहून एक ट्रंक, एक वातीचा स्टोव्ह आणि आईने दिलेलं पाककृतींचं पुस्तक घेऊन तिथे आले. बैठ्या चाळीत शेजारशेजारच्या दोन खोल्यांपैकी एक माझी, एक साळवे काकांची. काका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. पन्नाशी उलटलेली, बांधा किरकोळ, शर्टाच्या बाहीला ॲसिडने पडलेली बारीक भोकं. बायको, सुमनबाई, दोन वर्षांपूर्वी वारलेली. एकुलती एक मुलगी उज्ज्वला लग्न होऊन जिल्ह्यातल्याच बेलापूरला गेलेली. मी आले तेव्हा त्यांच्या घरात बोलणारा फक्त रेडिओ होता, आणि माझ्या घरात तोही नव्हता.

ओळख झाली ती माझ्या पुस्तकामुळे. पोहे करताना मी ते खिडकीत उघडं ठेवलं होतं. काकांनी बाहेरूनच वाचलं आणि विचारलं, "ताई, हितं लिव्हलंय, मीठ चवीपुरतं. कुनाच्या चवीपुरतं?" मला वाटलं, गंमत करताहेत. पण त्यांचा चेहरा गंभीर होता. "आन् वाटी म्हंजी कोन्ती वाटी? माझ्या घरात पाच वाट्या हायेत, पाचीत येगळं पानी मावतं. मी मोजून बगितलंय."

त्यांनी खरंच मोजलं होतं. बायको गेल्यावर सहा महिने खानावळीचा डबा खाल्ला, मग पोट बिघडलं, मग माणूस पुस्तकांकडे वळला. त्यांच्याकडे पाककृतींची चार पुस्तकं होती आणि रविवारच्या पुरवण्यांतून कापलेल्या कात्रणांनी भरलेला बिस्किटांचा डबा. प्रत्येक कृती ते लिहिलीय तशी, एक अक्षर न बदलता करत. बिघडली की दुसऱ्यांदा करत, चूक आपली की लिहिणारीची ते ठरवायला. मग कात्रणावर पेन्सिलीने शेरा: 'खरी', 'खोटी' किंवा 'बाईंनी स्वतः केलेली दिसत नाही'. हा तिसरा शेरा बऱ्याच कात्रणांवर होता.

एवढ्यावर थांबले असते तर ते साळवे काका कसले! ते कृती लिहिणाऱ्या बायकांना वर्तमानपत्राच्या पत्त्यावर पोस्टकार्डं टाकत. 'महोदया, आपण दिलेला ढोकळा मी दोन वेळा केला. दोन्ही वेळा बसला. सोडा किती ग्रॅम ते कळवावे.' मी म्हणायची, "काका, कोण उत्तर देणार तुम्हाला?" ते म्हणायचे, "दुसऱ्याच्या घरात काय शिजनार ते सांगायची जोखीम घेतली ना बाईनं? मग इचारलं तर सांगाया पायजे." पोस्टमन आला की मात्र त्यांची मान आपोआप दाराकडे वळायची. वर्षभरात एकच उत्तर आलं. त्यात एकच ओळ होती: 'अशा गोष्टी घरातील मोठ्या बाईमाणसाला विचाराव्यात.' त्यांनी ते मला वाचून दाखवलं, घडी करून खिशात ठेवलं आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेले. त्या बाईचा मला इतका राग आला की पुढचे दोन रविवार मी पुरवणी उघडली नाही.

हळूहळू मी त्यांची चव घेणारी झाले. खरं सांगायचं तर त्या वाटीवरच माझी संध्याकाळ निघायची. बँकेतून येऊन कुलूप काढायचं आणि भिंतीकडे बघत बसायचं, यापेक्षा 'आमसूल जास्त झालंय' असं कुणालातरी सांगता येणं बरं वाटायचं. त्यांनाही तेच वाटत असणार, पण आम्ही दोघांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. वांग्याची भाजी, बुद्धपौर्णिमेची खीर, फसलेला ढोकळा, सगळ्यावर आमची चर्चा चालायची.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर उज्ज्वलाला दिवस गेल्याची बातमी आली आणि काकांच्या वहीचं पानच बदललं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. आणि माहेरी होतं कोण? एकटा बाप. "म्हनून काय झालं?" काका म्हणाले. "बाळंतिनीला काय लागतं ते समदं लिव्हलेलं हाय. मी शिकून घेतो. तिच्या आईनं केलं असतं तसं करायचं मला."

मग डिंकाचे लाडू सुरू झाले. पुस्तकात लिहिलं होतं, 'डिंक तुपात तळून घ्यावा, गुळाचा एकतारी पाक करावा.' पहिल्या खेपेला डिंक आत कच्चा राहिला आणि माझ्या दाढेला असा चिकटला की मला काउंटरवर बसून गिऱ्हाइकाशी बोलता येईना. दुसऱ्या खेपेचा लाडू आम्ही बत्त्याने फोडला. "तार म्हंजी किती लांब तार?" काका वैतागले. शेवटी पदरचे पैसे घालून थर्मामीटर आणला. डिंक दोन दिवस उन्हात वाळवून मग थोडाथोडा तळायचा, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते त्यांनी पाचव्या खेपेला शोधून काढलं. सातव्या खेपेचा लाडू खाऊन मी म्हटलं, "काका, यात काही कमी नाही." त्यांनी वहीत लिहिलं आणि बराच वेळ पाठमोरे होऊन डबे लावत राहिले.

आळिवाची खीर, मेथीचे लाडू, शेपूची भाजी, सगळं असं पक्कं झालं. फळीवर चिठ्ठ्या लावलेले डबे उभे राहिले. उज्ज्वलासाठी खाट आणली. सातव्या महिन्यात विहीणबाई बेलापूरहून घर बघायला आल्या. शांत, समजूतदार बाई. त्यांनी चूल बघितली, डबे बघितले, हात लावला नाही. मग काका चहा करायला वळले तशा त्या माझ्या दारात आल्या.

"ताई, व्याही लई चांगला मानूस हाय," त्या म्हणाल्या. "पन पोरीला अवघडल्यावानी झालं, तर ती बापाला कसं सांगल? शेजारी बाईमानूस म्हंजी तुमीच. तुमी ऱ्हाल का तिच्यापाशी?"

मी म्हणायला हवं होतं, राहीन. मी म्हणाले, "मी दिवसभर बँकेत असते. शनिवारी दुपारी पुण्याला जाते. आणि माझी बदलीही कधी होईल सांगता येत नाही." यातला शब्द न् शब्द खरा होता. मला बाळंतपणाची भीती वाटत होती, हे तेवढं मी सांगितलं नाही.

"बराबर हाय तुमचं," विहीणबाई म्हणाल्या. मागे काका चहाचे कप घेऊन उभे होते.

सासरच्यांनी उज्ज्वलाला माहेरी पाठवलं नाही. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन आले, "तुमी हाय तेच सांगितलं" एवढंच म्हणाले आणि वाटी ठेवून गेले. चव विचारायला थांबले नाहीत. त्यांनी चिडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

मुलगी झाल्याची तार आली तेव्हा त्यांनी रजा काढून लाडू केले आणि डबा घेऊन सकाळच्या एसटीने बेलापूरला गेले. संध्याकाळी परतले ते ओट्यावरच बसले. मी विचारलं, "खाल्ला का तिने?"

"खाल्ला की, एक. विहीनबाई समोर हुत्या. मी पोरीला इचारलं, आईच्या हातच्यावानी झालाय का?" त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "तर म्हनली, बाबा, आईनं डिंकाचा लाडू कवाच केला न्हाई. आपल्या घरात डिंक कधी आला?"

मी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसले.

"पोरगी बोलली ते खरं हाय, ताई. मी पुस्तकातल्या बायकांचं समदं शिकलो. सुमन बाळंतीन हुती तवा तिनं काय खाल्लं, मला ठावं न्हाई. ती तिच्या आईकडं हुती, मी कॉलेजात. आता ती म्हातारीबी न्हाई. मी सुमनला कधी इचारलंच न्हाई, का गं, काय खाल्लंस?" चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या भोकं पडलेल्या बाहीने डोळे पुसले. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. पहिले काही महिने पत्रं आली, मग मीच उत्तर द्यायची थांबले. नवं गाव, लग्न, संसार, कारणं सगळ्यांकडे असतात. चार वर्षांनी उज्ज्वलाचं पत्र आलं. बाबा गेले, प्रयोगशाळेतच छातीत कळ आली. खाली लिहिलं होतं: 'वहीत सगळं मापाने लिहिलेलं आहे. मी लाडू केले. पण तसेच झाले का ते मला कळत नाही. मी एकच खाल्ला होता, तोही घाईत. बाबांच्या हातचं खरं तुम्हीच खाल्लंय. एकदा याल का?'

या खेपेला मी गेले. बेलापूरच्या त्या घरात उज्ज्वलाने माझ्यासमोर ताटली ठेवली आणि उभी राहिली. तिची पाचेक वर्षांची लेक तिच्या पदराला धरून होती. मी लाडू फोडला. चांगला होता, खुसखुशीत, डिंक फुललेला. मी डोळे मिटून पुष्कळ प्रयत्न केला. दारात वाटी घेऊन उभे असलेले काका आठवले, कानामागची पेन्सिल आठवली. त्यांच्या लाडवाची चव काही केल्या आठवेना. दोन वर्षं रोज त्यांच्या हातचं खाऊन माझ्या जिभेवर काहीच उरलं नव्हतं.

"झालाय का तसा?" उज्ज्वलाने विचारलं.

"अगदी तसाच," मी म्हणाले.

तिने लेकीला जवळ ओढलं, त्या लाडवातला तुकडा तिच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "खा. आज्याच्या हातचा हाय." मी ताटलीतला उरलेला लाडू संपवला आणि पुढची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.