बाबांचा ‘डू नॉट’

त्या मंगळवारी सकाळी बाबा चहा घेता घेता खाली बसले आणि उठले नाहीत. कप फुटला. आईने मला हाक मारली. मी फोन केला, गाडी आली, आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं.

दुपारी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बाबांची फुप्फुसं बिडीने कधीचीच कामातून गेली होती, हे आम्हाला माहीत होतं. आता मास्कने भागेल असं दिसत नाही, ते म्हणाले. नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावं लागेल. ठेवायचं तर तसं लिहून द्या, ठेवायचं नसेल तर तेही लिहून द्या. आजच. मी उठले तेव्हा ते सवयीने म्हणाले, “डोन्ट टेक टेन्शन.”

माझ्या पर्समध्ये एक टॅग होता. लाल-पांढरा, पुठ्ठ्याचा, वरच्या भोकात तार ओवलेला. त्यावर इंग्रजीत छापलं होतं, ‘डू नॉट ऑपरेट’.

हा टॅग काय असतो ते सांगायला हवं. बाबा कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये होते. कुठल्याही मोटरवर काम करायचं तर आधी तिचा स्विच बंद करायचा, स्विचला हा टॅग बांधायचा आणि मगच हात घालायचा. टॅगवर खाली चार ओळी रिकाम्या असतात: मशीन कोणतं, बांधणाऱ्याचं नाव, तारीख, आणि काढणाऱ्याची सही. नियम एकच. ज्याने बांधला, त्यानेच काढायचा. साहेब आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही.

बाबांनी हा नियम घरी आणला. हिंदी मुलखातल्या, रुआबांध्याच्या आमच्या घरात मिक्सर बिघडला की ते तो उघडत आणि प्लगला टॅग बांधत. मग काही तरी आठवून बाजारात जात. आई कैरीच्या फोडी घेऊन उभी.

“आग लागो तुमच्या डू नॉटले,” ते परत आले की ती म्हणे. “माही चटणी कावून अडवून ठेवली?”

“ज्यानं बांधला त्यानं काढाचा. चटणी थांबते, करंट थांबत नाही.”

“मिक्सर हाय तो, तुमची क्रेन नाही.”

“मिक्सरले का कमी करंट लागते?”

एकदा उन्हाळ्यात तिने ऐकलं नाही. कूलरच्या प्लगवरचा टॅग काढला, प्लग लावला आणि बटण दाबलं. बाबा मागच्या बाजूने पंपात हात घालून बसले होते. झटका लहानच होता. पण त्यानंतर तिने टॅगला कधी हात लावला नाही.

बाबा भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आलेले, मराठी शाळेत शिकलेले. त्यांचं इंग्रजी कारखान्यातल्या पाट्यांवरून आलं होतं. डू नॉट टच वायर. डू नॉट ओपन व्हॉल्व्ह. मला त्यांनी इंग्रजी शिकवलं तेही असंच. सायकलच्या दांड्यावर बसवून, दिसेल ती पाटी वाचायला लावून. ‘डू नॉट’ आलं की पुढे आधी करायची गोष्ट येणार, मग वस्तू. प्लक फ्लॉवर्स, पार्क व्हेइकल, मेक नॉइज. कोणत्या क्रियेला कोणती वस्तू चालते ते पाठच असावं लागतं, मोटरला तिचाच नट लागतो तसं, असं ते म्हणत. मी पुढे इंग्रजीची शिक्षिका झाले. सहावीच्या मुलांना मी अजूनही फळ्यावर दोन रांगा करून देते, डावीकडे क्रियापदं, उजवीकडे नामं, मध्ये रेघा ओढायच्या. मुलं टेक आणि टेन्शन न विचारता जोडतात. मी ती रेघ खोडत नाही.

मागच्या हिवाळ्यात बाबा पहिल्यांदा व्हेंटिलेटरवर गेले होते. अकरा दिवस. नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते. घरी आल्यावर आठवडाभर त्यांचा आवाज फुटला नाही. आवाज आला त्या सकाळी त्यांनी पेन मागितलं आणि ट्रंकेतून एक कोरा टॅग काढला. डिस्चार्जच्या कागदावरून एकेक अक्षर पाहत मशीनच्या ओळीवर लिहिलं, व्हेंटिलेटर. खाली स्वतःचं नाव, तारीख.

“तू इंग्रजीची मास्तरीण. बरोबर लिहिलं का?”

मी म्हटलं, बरोबर आहे.

“तुह्याजवळ ठेव. तुह्या आईजवळ नोको. ते काढून टाकते.”

ते हसले, म्हणून मीही हसले. टॅग पर्समध्ये टाकला. बाबा, असं नका बोलू, असंही म्हटलं नाही. शुद्धलेखन तपासून दिलं, बस.

तर मंगळवारी दुपारी मी दवाखान्याच्या बाकावर कागद घेऊन बसले. आई शेजारी होती. धाकटा भाऊ ड्युटीवरून तसाच आला, हेल्मेटचा पट्टा गळ्यात. तोही मेंटेनन्समध्येच आहे.

“ताई, काय लिहून दिलं तू?”

“अजून काही नाही.”

“नोको देऊ. मागच्या टायमाले घरी आले होते ना ते? चालत आले होते. डॉक्टर बोल रहा है ना मशीन लगाओ, तर लगाओ.”

मी टॅग काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटून पाहिला. बाबांचं अक्षर त्याने ओळखलं.

“हे कधीचं?”

“जानेवारीतलं.”

“अन् तू आत्ता सांगून राहिली? पुठ्ठा हाय हा, ताई. पुठ्ठ्याच्या भरोशावर बापाले मारशील का?”

बाकावरच्या दोन बायांनी मान वळवली. आई म्हणाली, “हळू. ते आतून ऐकून राहिले असतील.”

“तू सांग आई. लावाचं का नाही?”

“मले नोको इचारू,” आई म्हणाली. “माह्या हातानं एकडाव झालं.”

काउंटरवरची मुलगी दोनदा येऊन गेली. “मॅडम, फॉर्म?” मी कागदावर लिहिलं, ‘वी डू नॉट’. इथपर्यंत हात सहज गेला. पुढे क्रियापद आलं नाही आणि वस्तूही आली नाही. डू नॉट वॉन्ट मशीन, हे खोटं होतं. भावाला ते हवं होतं, आणि मलाही हवं नव्हतं असं नाही. डू नॉट गिव्ह कन्सेंट, हे कोणा परक्याचं वाक्य वाटलं. मराठीत नकार शेवटी येतो. वाक्य लिहीत गेलं तर पूर्णविरामापर्यंत आपण कुठे तरी थांबू शकतो, वळू शकतो. इथे नकार आधीच लिहून झाला होता, आणि कशाला नकार तेवढं भरायचं राहिलं होतं. त्या जागेवर काहीही लिहिलं तरी ते बाबांचा श्वासच ठरणार होतं.

भाऊ टॅगची तार बोटांत फिरवत उभा होता. मग एकदम म्हणाला, “त्यांनी बांधला ना? तर त्यांनाच इचारू.”

“ते शुद्धीवर नाहीत धड.”

“डोळे उघडते ना अधूनमधून. ज्यानं बांधला तो साइटवर असंल तर त्याले इचारल्याशिवाय आम्ही पुढं जातच नाही.”

भेटायची वेळ पाचची होती. तिघांना एकदम सोडत नव्हते, पण सिस्टरने त्या दिवशी सोडलं. बाबांच्या नाकातोंडावर मास्क करकचून बांधला होता. छाती वर-खाली होताना गळ्याजवळ खड्डा पडत होता. पलंगाच्या पायाशी त्यांची फाइल लटकत होती. सिस्टरने इंग्रजीत लिहिलं होतं, डिड नॉट टेक फूड. डिड नॉट पास युरिन. मी तिसरं वाक्य वाचलं नाही.

भावाने टॅग पलंगाच्या लोखंडी दांडीला लावला. तार नुसती एकदा अडकवली, पीळ दिला नाही. मग बाबांच्या कानाशी वाकला.

“बाबा. हा टॅग तुमचा हाय. व्हेंटिलेटरवर बांधला तुम्ही. काढाचा असंल तर ओढा, सैल हाय. मी लगेच मशीन लावाले सांगतो.”

बाबांनी डोळे उघडले. भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आईकडे पाहिलं की नाही ते मला सांगता येत नाही. बोटाला चिमटा लावलेला हात चादरीवरून सरकला आणि दांडीपाशी आला. बोटं तारेला लागली. मला वाटलं, ओढतात. मला वाटलं, ओढावी. तेव्हा कळलं की दुपारपासून मी त्याचीच वाट पाहत होते.

त्यांनी तारेची दोन टोकं चिमटीत धरली आणि पीळ दिला. एक. थोडं थांबून दुसरा. मग हात खाली पडला.

“ठीक हाय,” भाऊ म्हणाला. तो बाहेर गेला आणि व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी बाकावर येऊन वाक्य पूर्ण केलं. ‘वी डू नॉट परमिट व्हेंटिलेटर.’ मुलांच्या वहीत असं वाक्य आलं असतं तर मी खाली लाल रेघ मारली असती. तसंच ठेवलं. मी सही केली, भावाने केली. आईने मराठीत केली, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट.

बुधवारचा पूर्ण दिवस ते श्वास घेत राहिले. भावाने माझ्यासाठी चहा आणला, बिस्किटं आणली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. आत बोलावणं आलं की आम्ही दोघं एकदम उठायचो. दर वेळी वाटायचं, आता डॉक्टर म्हणतील की अजून वेळ गेलेली नाही. ते तसं म्हणाले नाहीत. गुरुवारी दुपारी, आई त्यांचे पाय चेपत असताना, बाबा गेले.

आवराआवर करायला वॉर्डातली मावशी आली. तिने मास्क काढला, नळ्या काढल्या, चादर ओढून घेतली. मग दांडीवरच्या टॅगकडे हात नेला.

“रुको,” भाऊ म्हणाला.

ती थांबली. भावाने माझ्याकडे पाहिलं, दोन दिवसांत पहिल्यांदा. आम्हा दोघांचाही हात पुढे होईना. ज्याने काढायचा तो पलंगावर होता.

आई उठली. दोन्ही पीळ उलटे फिरवून तिने तार सोडवली. कूलरच्या वेळी नुसती हिसकून काढली होती. आता सावकाश सोडवली.

“चला,” ती म्हणाली. “आता चालू कराले काही नाही राहिलं.”

बाबांच्या बोटांनी तेव्हा खरंच पीळ दिला, की ती नुसती चाळा करत होती, हे मी भावाला एकदा विचारलं. तेराव्यानंतरची गोष्ट. तो म्हणाला, “दोन पीळ, उजवीकडून. तसा ते एकटेच देत होते.” त्याला शंका नाही. मला कधी असते, कधी नसते. शाळेत दोन रांगा फळ्यावर लिहिताना ‘परमिट’ हे क्रियापद मी घालत नाही.

टॅग आता माझ्या कपाटात आहे. काढणाऱ्याच्या सहीची ओळ कोरी आहे. आईला मी दोनदा पेन दिलं. तिने सही केली नाही.