पाया पडायचा सीन

"आवाज आला नाही. परत मार."

डायरेक्टर मंगलला म्हणाला. तिनं परत माझ्या थोबाडीत मारली. कुंपणापलीकडं निम्मं गाव उभं होतं. कुणीतरी शिट्टी मारली.

कोळवण खोऱ्यात शहरातल्या लोकांची फार्महाऊसं झालीत. त्यातल्या एकात मालिकेचं शूटिंग लागलं होतं. त्यांना गावातल्या दोन बायका पाहिजे होत्या, मैत्रिणी वाटतील अशा. मंगल आणि मी गेलो. आम्ही होतोच मैत्रिणी. ती वरच्या आळीतली, मराठ्यांची. मी बौद्ध वस्तीतली. भाताची लावणी करताना शेजारी शेजारी वाकूनच आमची ओळख झाली.

मेकअपवाल्या बाईनं आधी नाव विचारलं, मग आडनाव. मंगलला नथ मिळाली, काठपदराची साडी मिळाली. माझ्या तोंडाला काळपट रंग लावला. मी मुळात गोरी नाही. तरी लावला.

"तुम्ही हिच्या घरची मोलकरीण," ती म्हणाली.

"आन् मैत्रीन?"

"तेच. मैत्रीण म्हणून घरात शिरते आणि नवऱ्यावर डोळा ठेवते."

पहिल्या सीनला डायरेक्टर म्हणाला, "विहिरीवर बसून काहीही बोला. आवाज घेणार नाही, वरून म्युझिक टाकू." आम्ही बोललो. मंगलच्या अंगावरून जाणं थांबत नव्हतं. डॉक्टरनं पिशवी काढायला सांगितली होती. नवऱ्याला कसं सांगायचं, पुण्याला गेलं तर घरात भाकरी कोण थापणार, तेच चाललं होतं. तिचे डोळे भरून आले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"कट! मयताला बसल्यासारख्या काय बसलात? टोमणे मारा. दागिन्यांचं बोला. बायका काय बोलतात?"

बायका हेच बोलतात. तो समोरच उभा होता. त्याला ऐकायचंच नव्हतं.

मग थोबाडीत मारायचा सीन. तो झाल्यावर डायरेक्टर म्हणाला, "आता रडत तिच्या पाया पड. ‘बाईसाहेब, चुकले’ म्हण."

माझी आई लोकांच्या उंबऱ्यापुढं वाकलेली बाई. म्हणूनच तिनं मला एकच गोष्ट दरडावून शिकवली होती. तू वाकायचं नाही.

"पाया पडनार न्हाई," मी म्हणाले.

"अहो, खोटं असतं हे."

"खोटंच हाय. म्हणून न्हाई."

मी मंगलकडं बघितलं. ती नथ चाचपत खाली बघत राहिली. त्या फार्महाऊसची राखण तिच्या नवऱ्याकडं. मला कळत होतं. तरी वाटलं, एक शब्द बोल. ती बोलली नाही.

मी नळाखाली तोंड धुतलं आणि घरी आले.

त्यांनी दुसरी बाई आणली. ती पाया पडली. तो भाग लागला तेव्हा अख्खं गाव टीव्हीपुढं. दुसऱ्या दिवशी बायका मंगलला म्हणाल्या, "नवऱ्याला संबाळ गं. तुजी मैत्रीन लई आत-बाहेर करतीया." टीव्हीत बाई दुसरी होती, बोलणं मात्र माझ्यावर. सगळ्या हसल्या. मंगलपण हसली.

चार दिवसांनी तिचा फोन. "दवाखान्यात कवा जायाचं ते ठरवू. ये की. पर मागल्या दारानं ये. लोक बोलत्यात."

मालिका खोटी होती. हे दार खरं होतं.

"पुढल्या दारानं येती," मी म्हणाले. "न्हाईतर येत न्हाई."

फोन ठेवला आणि निघाले. भर दुपारी वरच्या आळीतनं गेले. ओट्यावर बसलेल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. मंगलचं पुढचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं. सोप्यात तिचा नवरा बसला होता. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

मंगल आतनं आली. दारात उभी राहून पदर पिळत म्हणाली, "त्या दिवशी चुकलं माझं."

"जाऊ दे" म्हणायची सवय आहे आपल्याला. जिभेवर आलंच होतं. गिळलं.

"व्हय. चुकलं," मी म्हणाले.

ऑपरेशनला तिच्याबरोबर मी जाणार आहे. दुसरं कोण जाणार? पण तिला तिच्या नवऱ्यासमोर सांगून आले. पुन्हा कुणी मला वाकायला सांगितलं आणि तू खाली बघितलंस, तर त्या दिवसापासून तू माझी कुणी नाहीस.

तिला रडू आलं. मी उठून तिचे डोळे पुसले नाहीत.

जे बोलले, त्यातला एक शब्द मागं घेणार नाही.