आकृती बघून सांगू नको

"आकृती बघून सांगू नको. गिव्हन काय आसा?" गणितात दिलंय काय, तेवढंच बोल. हे म्हणताना सर खडूचं टोक नेमकं आपल्या कपाळावर रोखायचे. तुमच्याही गावात असे एक ट्यूशनवाले असतील. आमच्या डिचोलीतले हे मला कधीच आवडले नाहीत, आणि ते वारले म्हणून आज मी खोटं बोलणार नाही.

शिकवायचे मात्र चोख. त्यांच्या घरापुढच्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, आम्ही सातवीची बारा मुलं मांडी घालून बसायचो. समीकरण सुटलं तरी एक्सची किंमत परत घालून बघायला लावायचे. त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या दिसतात म्हणून कुणी सारख्या धरल्या, की वही थेट अंगणात. माझी आठवड्यातून दोनदा जायची.

माझे बाबा सिंधुदुर्गातून आलेले, खाणीच्या ट्रकवर. स्कॉलरशिपच्या परीक्षेला सर चौघांचीच नावं पाठवणार होते आणि मला त्यात यायचंच होतं.

सराव परीक्षेत कोनांचं एक गणित कुणालाच सुटेना. मी दोन रेघा काढून खोडल्या. तिसरी शिरोबिंदूतून पायाला समांतर काढली आणि सुटलं. शेजारी दुकानदाराची मुलगी होती. तिच्याही कागदावर तीच रेघ निघाली. सरांनी सगळ्यांसमोर मलाच उभं केलं, कुणाचं बघून लिहिलंस म्हणून. मी नाही म्हटलं. तिने मान खाली घातली. माझं नाव यादीतून गेलं.

अहो, माझ्या कागदावर खोडलेल्या रेघा होत्या, तिच्या कागदावर एकही नव्हती! याहून जास्त गिव्हन काय असायला हवं होतं? अजून आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

पुढे मीच गणिताची शिक्षिका झाले. मागच्या वर्षी ते बसस्टँडवर भेटले, काठी टेकत. मी ओळख दिली, त्या रेघेची आठवण करून दिली आणि इतकी वर्षं मनात धरलेलं विचारलं.

"सर, तेव्हा गिव्हन काय होतं?"

त्यांनी काठीचं टोक धुळीत फिरवलं.

"मीच आकृती बघून सांगितलं गे," म्हणाले. "तुझो बापूस ट्रकार, तिचो दुकानार."

मी माफ केलं नाही. बस आली, चढले.

गेल्या महिन्यात ते गेले. शोकसभेत दोन शब्द बोला म्हणून जुन्या मुलांचा फोन आला. मी पेपर तपासायचेत असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. दोन मुलींची उत्तरं हुबेहूब सारखी आली होती. मी दोन्ही कागद खिडकीपाशी उजेडात धरून खोडलेल्या रेघा शोधत होते.