टोरब्योर्गने न शिवलेला बिल्ला

टोरब्योर्ग माझी नणंद. नॉर्वेतल्या क्रागेरोच्या धक्क्याजवळ तिचं शिवणकामाचं दुकान होतं. टाका बारीक, पण जीभ तिखट. जर्मनांनी देश घेतल्यावरही ती भर रस्त्यात मोठ्यानेच बोलायची आणि मी तिचा दंड दाबायचे.

बेचाळीसच्या हिवाळ्यात पीठवाल्याचा हालवार्ड दुकानात आला. स्वखुशीने जर्मनांच्या फौजेत भरती झालेला, दुसऱ्याच दिवशी रशियाच्या आघाडीवर निघालेला. अंगात जर्मन कोट, हातात ढालीच्या आकाराचा कापडी बिल्ला. लाल जमिनीवर पांढऱ्या काठाचा निळा क्रूस.

"मावशी, एवढा बाहीवर शिवून द्या."

"बटणं लावीन, अस्तर बदलीन. हा नाही शिवणार."

"का? आपलाच तर झेंडा आहे!"

"म्हणूनच! सतरा मेला, देशाच्या सणाला, आम्ही तो हातात धरला तर तुझे साहेब आम्हाला आत टाकतात. आणि तू तो त्यांच्या कोटावर मिरवणार होय?"

"महागात पडेल, मावशी."

"पडू दे."

तासाभरात शिपाई आले आणि तिला घेऊन गेले. मी रडत दाराशी उभी, तर ही मलाच म्हणते, "वहिनी, चुलीवर मासा आहे, करपेल."

बातमी गावभर झाली. हालवार्ड बिल्ला घेऊन शिवणकाम करणाऱ्या आल्फहिल्डकडे गेला, तर तिच्या बोटाला गळू झालेलं. म्हातारा येन्स शिंपी म्हणाला, "निळा दोरा संपला रे," आणि त्याच्या डोळ्यांदेखत निळ्या दोऱ्याने खलाशाची विजार शिवत राहिला. शेवटी पोरगा आईकडे गेला. ती माउली मान खाली घालून म्हणाली, "मला दिसत नाही हल्ली." गावातली सगळ्यात सुबक लेस तिची!

सकाळी तो बोटीवर चढला तेव्हा बिल्ला टाचण्यांनी अडकवलेला होता. समुद्राचा वारा सुटला, एक टाचणी निघाली आणि बिल्ला फडफडायला लागला. तो हाताने दाबून धरायचा, सोडला की पुन्हा फडफड. धक्क्यावर आधी सगळ्यांनी ओठ दाबून धरले. मग मासळीवाली खुदकन हसली, आणि बघता बघता अख्खा धक्का हसायला लागला. दोन वर्षांत आम्ही असं हसलोच नव्हतो.

तुरुंगात भेटीला गेले तेव्हा तिला हे सांगितलं. इतकी खदखदून हसली की पहारेकऱ्याने दार ठोठावलं.

"येन्सनेसुद्धा नाही शिवला?" तिने विचारलं. "तो भित्रा?"

"येन्सनेसुद्धा."

वसंतात ती सुटली. हाडाची काडं झालेली, पण जिभेची धार तशीच. पंचेचाळीसच्या सतरा मेला देश मोकळा होता. मिरवणुकीत सगळ्यांत पुढे झेंडा धरायला गावाने तिलाच बोलावलं. ती बेसूर गात निघाली, आणि आम्ही सगळे तिच्यामागे तसेच बेसूर.