ताणलेली टेप

आज माळ्यावरून इलेक्ट्रिक गिटार काढली. गंजक्या तारांचा वास बोटांना लागला आणि जुन्या हुबळीतली ती दुपार आठवली. सिनेमातल्या एका गाजलेल्या धुनेचा तोच अवघड तुकडा अक्का कॅसेट मागे नेऊन नेऊन मला ऐकवत होती. रोज सूर थोडा उतरलेला वाटायचा, रोज मी तारा थोड्या सैल करायचे.

“काल जुळलं होतं की गं,” अक्का म्हणाली. मी गिटार गादीवर आदळली.

सारखी मागेपुढे करून टेप त्या जागी ताणली गेली होती आणि तिथला सूर उतरत गेला होता, हे फार उशिरा कळलं. आता मोबाईलवर धून अगदी सुरात वाजते. पण माझा कान त्या ताणलेल्या टेपवरच तयार झालाय. मेली तेवढीच जागा मला बेसूर वाटते.