कापसाच्या गंजीत हरवलेला शेवट

मला कादंबरी आवडली नाही तर मी आवडली नाही म्हणते. पुरस्कार मिळाला असेल तर देणाऱ्यांनी खुशाल उशाशी घेऊन झोपावं. मारेगावच्या वाचनालयात मी या एका खोडीपायी बदनाम आहे, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

या हिवाळ्यात तीन वाचल्या. पहिलीतला नायक तीनशे पानं खिडकीत बसून स्वतःचाच विचार करतो. माय व! त्याला कोणी विळा देऊन तुरीच्या सवंगणीला पाठवलं असतं तर पुस्तक चार दुपारांत आटोपलं असतं. दुसरी खुनाची होती. खुनी कोण हे मला लवकरच कळलं, तरी शेवटपर्यंत वाचली, कारण तिच्यातली सासू मोठी फक्कड होती. असल्या पुस्तकांवर नाक मुरडणाऱ्यांनी मुरडावं, नाक त्यांचंच आहे.

तिसरी आमच्याच भागावरची, मोठ्या शहरातल्या लेखकाची, पुरस्कारवाली. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या एका बाईची गोष्ट. वाचनालयाच्या वाढदिवसाला लेखक स्वतः येणार होते, आणि वाचकांतर्फे मी बोलावं असं अध्यक्षांनी ठरवलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर, त्यांना आम्ही सर म्हणतो. "चांगलं बोला हं," सर म्हणाले. जोर सगळा 'चांगलं'वर होता.

मी एकटी कधी वाचत नाही. समोर भाभी राहते, तिचा नवरा ट्रॅक्टर दुरुस्त करतो. भाभी उर्दू शाळेत शिकलेली, मराठी बोलते फर्राटेदार पण वाचताना अडखळते. म्हणून दुपारी मी वाचते, ती ऐकते. थंडीत आमची बैठक पुढच्या खोलीत, कापसाच्या गंजीवर. भाव येईपर्यंत कापूस घरातच भरलेला असतो. अंगाला खाज सुटते, पण तेवढी मऊ गादी कोणाच्या घरी नाही. भाभीच्या मांडीवर निवडायचं सूप, माझ्या हातात पुस्तक.

यंदा ऐकायला आणखी एक जण होती. माझी पोरगी दिवाळीनंतर नवऱ्याच्या घरून निघून आली, हात प्लास्टरात घेऊन. कोणी विचारलं तर "पायरीवरून पडली" म्हणून आम्हीच सांगायचो. संक्रांतीनंतर जावई न्यायला येणार होता. तिचे बाबा म्हणत, "एकवार जाऊन पाह्य, सुधरला असन." आणि मी, जी भल्याभल्या लेखकांना सोलून काढते, मीही "जाऊ नको" असं तोंडाने म्हटलेलं नव्हतं. लोक काय म्हणतील, पुढे तिचं कसं होईल, हे माझ्याही डोक्यात घोळत होतं.

ती चौकटीला टेकून ऐकायची. कादंबरीतली बाई परत जाते की नाही, तिकडे तिचे कान आणि माझेही. भाभी तेवढी उघड विचारायची, "ताई, ते बाई जाते का वापस?"

"उद्या कळन," मी म्हणायची.

उद्या कळलंच नाही. वाचून झालं की मी पुस्तक गंजीच्या कोपऱ्यात खोचून ठेवायची. एका सकाळी मी दळण घेऊन आले तर दारात गाडीच्या चाकांचे ठसे आणि खोली झाडून लख्ख. आमच्या ह्यांनी कापूस भरून सरकी काढायला जिनिंगात धाडला होता, आणि त्याच्यासंगं पुरस्कारवाली कादंबरीही! कोणी पुस्तक गाडीत विसरते, कोणी भिजवते. माझं सरकीसंगं गेलं. हे हसून हसून बेजार. "वजनात धरलं असन," म्हणाले. मी त्या दिवशी त्यांच्या भाजीत मीठच घातलं नाही.

सासरचे लोक दारात आलेत आणि बाई उंबऱ्यात उभी आहे, तिथे आम्ही थांबलो होतो. भाभीचा जीव वरखाली. मग मीच म्हटलं, चला, आपणच पूर्ण करू. रिकाम्या खोलीत सतरंजीवर बसून मी बिनपुस्तकाचं वाचलं. बाई काही जात नाही. उलट बसस्टँडजवळ आलूबोंड्याची गाडी लावते. भाभी म्हणाली, "गाडी काहून? दुकान दे तिले, पक्कं, शटरवालं." बरं, दुकान. "अन् नवरा उधार मागाले येते," पोरगी म्हणाली आणि हसली. दिवाळीपासून पहिल्यांदा हसली. तो शेवट मला इतका आवडला की मी तोच खरा धरून चालले.

कार्यक्रमाच्या दिवशी, पुस्तक कापसासंगं गेल्याचं ऐकून सर म्हणाले, पुस्तक पुरं वाचलं नाही तर मत देण्याचा हक्क नाही, आणि स्वतः लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. 'कारुण्याचा महासागर' अशी सुरुवात होती. मी कागद पर्समध्ये कोंबला. हक्क काय सर देतात? भात शिजला का हे पाहायला चुलीवरचा अख्खा गंज उपसावा लागत नाही.

"साहेब," मी माइकवर लेखकांना म्हटलं, "तुमची बाई एकदाही हसत नाही. आमच्याकडच्या बाया मार खाऊनही हसतात, नाहीतर दिवस निघत नाही. तुम्ही फक्त आमचं रडणं नेलं." मग आमचा शेवट सांगितला. शटरवाल्या दुकानाला टाळ्या पडल्या.

लेखक शांत माणूस. म्हणाले, "तुमचा शेवट छान आहे. माझ्या पुस्तकात ती परत जाते, आणि विहिरीत सापडते."

मी भडकले. "कायले मारली तिले?"

"तसं घडतं, ताई."

"घडते, मले सांगू नका! पण पेन तं तुमच्या हातात होता ना!"

सरांनी माइक काढून घेतला. मागच्या रांगेत भाभीशेजारी माझी पोरगी बसली होती. तिने हे सगळं ऐकलं होतं. कार्यक्रम संपल्यावर ती उठली आणि सरळ लेखकांकडे जाऊन त्यांची प्रत मागून घेतली.

"फेक ते," घरी आल्यावर मी म्हटलं. "आपलाच शेवट खरा."

"आपला गोड आहे आई," ती म्हणाली आणि पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेली.

ती कादंबरी वाईटच आहे. आज विचाराल तरी तेच सांगेन. त्या बाईला मारायचा त्या लेखकाला काही एक अधिकार नव्हता, आणि पुरस्कार देणाऱ्यांना तर त्याहून नाही.

संक्रांत झाली आणि जावई आला, संगं त्याचे काका. हे पाहुण्यांशी पिकापाण्याचं बोलत बसले. मी चहा दिला. काका म्हणाले, "चाल मग सूनबाई, बॅग भर." हे माझ्याकडे पाहू लागले, मी जमिनीकडे. पोरगी आतून आली, रिकाम्या हाताने, आणि उंबऱ्यात थांबली.

"मी येत नाही," ती म्हणाली. "पुढचं मी वाचलं आहे."

काकांना काही समजलं नाही. "काय वाचलं इनं?" ते मला विचारू लागले. ह्यांनी काही बोलायच्या आत मी उठले, आणि त्यांच्यापुढचे अर्धे भरलेले कप उचलून घेतले.