फरशी पुसणाऱ्या बाईची गोष्ट

कपडे ऑल्टर करणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली टाचणीबाई म्हणायची, अर्थात तिच्या माघारी. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला आरसा आणि स्टुलावर उभं राहिलेलं गिऱ्हाईक. ती गुडघ्यांवर बसून पॅन्टची उंची बघायची, तेव्हा ओठांत टाचण्यांची रांग असायची. कामासाठी लागायच्याच, पण राग आला की ती आणखी चारदोन कोंबायची. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला बोलता येत नाही, आणि तिच्या जिभेपेक्षा टाचण्या बऱ्या, असं तिचा नवरा म्हणायचा. तो मागच्या खोलीत तयार कपड्यांना इस्त्री करायचा आणि तिथूनच काड्या करायचा.

त्या दिवशी तिच्या तोंडात एवढ्या टाचण्या होत्या की गिऱ्हाईक घाबरून मान वळवेना. कारण सकाळीच विहीणबाईंचा फोन आला होता. सुनेची आई, म्हणजे मोठं प्रस्थ. त्या पुढच्या आठवड्यात येणार होत्या आणि त्यांना गावातलं मोठं चर्च, म्हणजे कॅथेड्रल बघायचं होतं. "रंगीत काचा, मनोरा, छतावरची चित्रं, सगळं नीट बघायचंय. आणि तुमचे बंधूच तिथे गाइड आहेत म्हणे! मग काय, घरचंच की!"

"तो आजारी असतो," टाचणीबाईने ठोकून दिलं.

मागून नवरा म्हणाला, "परवा बाजारात दिसला. ठणठणीत होता."

"तुम्ही इस्त्री बघा. जळेल."

भावाला ती पोपट म्हणायची. पोपटाने आयुष्यभर कॅथेड्रलमध्ये पाठ केलेलं बोलून दाखवलं होतं आणि लोकांना ते फार आवडायचं. सगळ्यात जास्त आवडायची एक गोष्ट. मधल्या घुमटाखाली लोकांना माना वर करायला लावून तो सांगायचा, "इथे फरशी पुसायला एक बाई होती. सगळा जन्म इथेच गेला तिचा. तिला एकदा विचारलं, बाई, छत कसं वाटतं? तर ती म्हणाली, छत? आहे का छत?" लोक खो खो हसायचे. एका गिऱ्हाइकाने ही गोष्ट टाचणीबाईलाच मोठ्या कौतुकाने सांगितली होती. त्याचा कोट तिने इतका घट्ट करून दिला की त्याला बटण लावता आलं नाही.

कारण ती फरशी पुसणारी बाई म्हणजे त्या दोघांची आई.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा टाचणीबाईने भावाला फोन केला होता. "सीझन आहे," तो म्हणाला, "गर्दी उसळलीय नुसती. जरा ओसरली की येतो." गर्दी ओसरायच्या आत आई गेली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही आणि कॅथेड्रलच्या रस्त्यालाही फिरकली नाही. आता विहीणबाईंसमोर तो आईला हसण्यावारी नेणार आणि आपण शेजारी उभं राहून ऐकायचं? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पण सुनेच्या आईला नाही कसं म्हणणार? म्हणून तिने बेत आखला. आधी तिकीट खिडकीला फोन लावला आणि आवाज बदलून विचारलं, "गाइडांची जेवणाची सुट्टी कधी असते?" खिडकीवरची मुलगी म्हणाली, "तुम्हाला गाइड हवाय का?" "नको म्हणून तर विचारतेय!" टाचणीबाई खेकसली, तेव्हा तिचा खरा आवाज बाहेर आला. नवरा मागे हसून हसून बेजार झाला.

पण सुट्टीची वेळ कळली. मग तिने ठरवलं, मोठ्या दारातून जायचंच नाही. मेणबत्त्या विकणाऱ्या बाईच्या टेबलाशेजारी एक लहान दार आहे, आईची बादली तिथूनच आत-बाहेर व्हायची. तिथून शिरायचं, काचा दाखवायच्या, मनोऱ्याच्या जिन्याला विहीणबाईंचे गुडघे नाहीतरी नकोच म्हणतील, आणि पोपटाचं जेवण संपायच्या आत पसार व्हायचं.

"घर फोडायला निघालीस की काय?" नवरा म्हणाला.

"गप बसा."

विहीणबाई आल्या, नवे बूट घालून आल्या, आणि लहान दार बघून त्यांनी नाक मुरडलं. तरी टाचणीबाईने त्यांना हाताला धरून आत नेलं. काचांमधून लाल-निळा उजेड फरशीवर पडला होता. विहीणबाईंना तो बघायलाही सवड नव्हती. त्या घुमटाकडे निघाल्या आणि लाडात येऊन म्हणाल्या, "तुम्हाला गंमत सांगू? मी मुलीकडून नंबर घेतला आणि तुमच्या बंधूंना फोन केला. म्हणाले, ताई येतेय तर जेवण गेलं खड्ड्यात!"

पोपट घुमटाखाली उभा होता. केस पिकले होते, आवाज तसाच होता. भोवती बरीच मंडळी जमली होती. तो बहिणीकडे बघून ओशाळं हसला आणि बोलायला लागला. टाचणीबाईला वाटलं, आज तरी गाळेल. आपल्या तोंडावर नाही सांगणार. पण लोकांच्या माना वर गेल्या आणि त्याची गाडी सवयीने रुळावर आली. "इथे फरशी पुसायला एक बाई होती..."

"...आहे का छत?"

सगळे हसले. विहीणबाई तर डोळे पुसायला लागल्या. टाचणीबाईचे ओठ सवयीने घट्ट मिटले. पण आज तोंडात टाचण्या नव्हत्या.

"ती बाई आमची आई," ती म्हणाली. आवाज घुमटात घुमला. "याची आणि माझी. आणि तिला छत दिसायचं नाही, कारण तिची मान वर होत नव्हती. वाकून वाकून आखडली होती. आम्ही लहान असताना जेवताना विचारायचो, आई, छतावर काय काढलंय गं? तेव्हा ती हे म्हणायची आणि हसायची. आम्हाला कळू नये म्हणून हसायची. शेवटी हनुवटीखाली बशी धरून पाजावं लागायचं तिला. मी पाजलं."

विहीणबाईंचा रुमाल डोळ्यांशीच राहिला.

पोपट जवळ आला. खालच्या आवाजात म्हणाला, "मला मानेचं कधी कोणी सांगितलं नाही, ताई."

"बघायला आला असतास तर दिसलं असतं."

तेवढ्यात मोठ्या दारातून दुसरा घोळका आला आणि त्यातला एक माणूस हौसेने म्हणाला, "ती फरशीवाल्या बाईची गोष्ट सांगा ना, मित्राने खास ऐकायला सांगितलीय!"

पोपटाने तोंड उघडलं आणि बहिणीकडे बघितलं. ती तिथेच उभी होती, हाताची घडी घालून. त्याने घुमटाची उंची सांगितली, चित्रं किती जुनी ते सांगितलं, आणि "चला पुढे" म्हणाला. माणूस हिरमुसला.

"चला हो आपणही," विहीणबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी नव्या बुटांकडे बघितलं आणि फरशीवर जपून पाऊल टाकलं.

टाचणीबाई निघता निघता भावापाशी थांबली.

"मी येत जाईन अधूनमधून," ती म्हणाली. "सीझनमध्ये."